घसारा

कुडाळच्या ऑफिसात प्रज्ञा आरोसकरनं
कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद केला
आणि म्हणाली, काका, धंदा सुरू करण्यापेक्षा
बंद करायला जास्त सह्या लागतात.

आरोलकर आणि आल्मेडा, सरकारी ठेकेदार, वेंगुर्ला.
एकवीस वर्षं.
पाटी खाऱ्या वाऱ्यानं आधीच अर्धी बंद केलेली,
आल्मेडातला 'डा' तेवढा वाचता येतो.

मिक्सर? तिनं विचारलं.
आहे. दाभोलीच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली.
पुस्तकात त्याची किंमत उरलीय आठ हजार चारशे.
दरवर्षी घसारा लावून लावून
आम्ही त्याला कागदावर जवळजवळ संपवलाय,
पण शिरोड्याचा एकजण पस्तीस द्यायला तयार आहे.
मग वरचे सव्वीस हजार सहाशे नफा, ती म्हणाली.
नफ्यावर कर.
म्हणजे इतकी वर्षं तो झिजतोय असं आपण सांगत आलो
आणि तो तितका झिजलाच नव्हता.
मला बरं वाटलं. उगाच. मिक्सरबद्दल.

सिमेंटची पोती?
बावीस. दमट हवेनं गठ्ठे झालेत, दगडच म्हण.
खरेदीच्या वेळी त्यांच्यावरचा जीएसटी वळता करून घेतलाय,
तो परत भरायचा.
दगडावर?
दगडावरही, काका.

रात्री मडगावहून इनासचा फोन.
लेकीकडे असतो हल्ली, गुडघा बदलून घेतलाय.
लेव्हल काढायची ती दुर्बीण त्याला हवी होती.
मी प्रज्ञाचं म्हणणं सांगितलं:
भागीदारानं घरी नेली तरी ती विक्रीच धरतात,
आजच्या बाजारभावानं.
तो हसला, मग बराच वेळ खोकला.
"म्हणजे माजोच डोळो
माकाच इकत घेवचो लागतलो?"

मोचेमाडचा धूपप्रतिबंधक बंधारा आमचं शेवटचं काम.
त्याची अनामत खात्याकडे अडकलीय,
दोष निघाला तर दुरुस्ती आमच्याकडे,
अजून एकोणीस महिने.
म्हणून बँकेतलं खातं इतक्यात मिटवू नका, ती म्हणाली,
पैसे येतील तेव्हा
घ्यायला त्या नावाचं कुणीतरी असायला हवं.
तेव्हापासून अमावास्येच्या उधाणाला
मी बंधाऱ्यावर जाऊन बसतो.
लाट येते, दगडादगडांतून आत हात घालते,
काही सापडलं नाही की परत जाते.
तिच्याकडे मुदतीचा कागद नाही.

शिवलिंगप्पाचं विचारायचं राहिलं होतं.
सतरा वर्षं आमच्याकडे गवंडी,
त्याला काही द्यावं म्हणतो.
बंद करायच्या तारखेआधी द्या, प्रज्ञा म्हणाली,
आणि चेकनं.
आधी दिलंत तर धंद्याचा खर्च.
नंतर दिलंत तर ते तुमचं तुम्ही दिलेलं,
त्याला वजावट नाही.
एकतीस मार्चला, दुपारी, शेडच्या दारात
मी त्याच्या हातात चेक ठेवला.
त्यानं नाव वाचलं, रक्कम वाचली,
घडी घालून खिशात ठेवला
आणि विचारलं, ही ताडपत्री नेऊ का?
गावाकडे पडवीचं छप्पर गळतंय.

ताडपत्री आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.
कधी घेतली, कुणी घेतली, बिल होतं की नाही.
आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून ती झटकली,
धूळ, पालीची अंडी, रेडीच्या कामावरची लाल माती,
आणि घडी घालत घालत एकमेकांजवळ आलो.

शेवटचं विवरणपत्र जूनमध्ये गेलं.
पोचपावतीवर बारकोड आहे, शिक्का नाही.
फायली मात्र बहात्तर महिने ठेवायच्यात,
कुणी विचारलंच तर.
पत्र्याच्या दोन ट्रंका माळ्यावर चढवल्या,
खाली विटा, मध्ये डांबराच्या गोळ्या.
मी सदुसष्टचा. मालतीनं बोटांवर मोजलं
आणि काही बोलली नाही.
मग म्हणाली, चावी कुठे ठेवताय ते
मला एकदा दाखवून ठेवा.